सतरंजीवर उघडणारा अंक

प्रिय लेकरा,

तुझ्या संगीतावरच्या अंकाची डमी, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, मिळाली. मोबाइलवर बघून मत द्यायला मन धजेना, म्हणून इथं अंबाजोगाईतच प्रिंट काढून आणली, पानं दुमडली, मधोमध दोन पिना मारल्या आणि तीन दिवस अंक जवळ बाळगला. एकदा टपरीवर चहा पिताना उघडला, एकदा रात्री अंथरुणात, आणि काल गुरुवारच्या भजनाला घेऊन गेलो. भजनाहून परत आलो तो तुला लिहायचं ठरवूनच.

मजकूर चांगला आहे, हे आधी सांगतो. माळेगावच्या यात्रेतली वाघ्या-मुरळींसोबतची रात्र तू जशी लिहिलीस, तशी माझ्या वाचण्यात आली नव्हती. थंडीत हलगी किती वेळा शेकावी लागते, एवढंसुद्धा विचारून घेतलंस. लिहिण्याबद्दल मी तुला काय सांगणार? माझं आयुष्य छापखान्यात मांडणी करण्यात गेलं, तेव्हा बोलायचं ते अंक दिसतो कसा, याबद्दल.

कव्हर काळंभोर, त्यावर तडकलेल्या काचेसारखी अक्षरं, खाली गिटार. ही अक्षरं कुठून आली ते मी ओळखलं. ब्रिटनमध्ये १९८१ साली 'केरँग' नावाचं संगीताचं नियतकालिक निघालं. गिटारच्या तारांवर जोरात हात मारला की जो आवाज होतो, तेच त्याचं नाव. वाचक म्हणजे हेवी मेटल ऐकणारी कोवळी पोरं. गाणं जसं कानाला फाडत येतं, तसंच नाव डोळ्यांपुढं यावं म्हणून ती अक्षरं फुटकी. आत पोस्टर असायची, कारण त्या वयाच्या पोराला आपल्या खोलीच्या भिंतीवर काहीतरी लावायचं असतं. अंकातलं पान सुटून भिंतीवर जाणार, हे धरूनच मांडणी व्हायची.

तुझ्या वाचकाच्या घरात अशी भिंत आहे का? तू सोबत लिहून पाठवलंस की अंक लातूर, परभणी, नांदेडच्या भजनी मंडळांसाठी, भीमगीतं गाणाऱ्यांसाठी, शाळांतल्या संगीत शिक्षकांसाठी आणि पेटी-तबला शिकणाऱ्या मुलांसाठी आहे. ही माणसं मला चांगली ठाऊक आहेत. त्यातल्या एकाचाही हात त्या काळ्या कव्हरकडं आपणहून जाईल असं वाटत नाही. ते कव्हर वाईट आहे म्हणून नव्हे, ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं आहे म्हणून.

बाहेरची मासिकं बघू नकोस असं मी म्हणत नाही. भरपूर बघ. पण त्यांनी काय केलं याच्याआधी ते कुणासाठी केलं हे शोध. 'रोलिंग स्टोन'चा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा, जॉन लेननचा फोटो असलेला, साध्या वर्तमानपत्री कागदावर छापलेला. त्या गावात तेव्हा हिप्पींची पत्रं निघत. त्यांची अक्षरं वितळलेल्या मेणासारखी, वाचायला डोळे ताणावे लागत. 'रोलिंग स्टोन'नं नाव त्याच वळणाचं घेतलं, तसल्याच पोस्टरांसाठी गाजलेल्या रिक ग्रिफिननं ते काढलं. आत मात्र सरळ रकाने, बारीक रेघा, नीट मथळे, एखाद्या जबाबदार वृत्तपत्रासारखे. नाव बघून पोरांना वाटावं की हे आपलं आहे, आणि आत गेल्यावर कळावं की आपलं संगीत इथं कुणीतरी गंभीरपणे घेतंय. एवढी एक गोष्ट त्यांच्याकडून घेतलीस तरी पुष्कळ झालं.

'रे गन' या अमेरिकी संगीत मासिकाचं उदाहरण तू स्वतःच दिलंस. त्याची मांडणी करणाऱ्या डेव्हिड कार्सननं १९९४ मध्ये ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत नुसत्या चिन्हांच्या फाँटमध्ये लावली, एक अक्षर वाचता येऊ नये अशी, कारण त्याला ती मुलाखत कंटाळवाणी वाटली. ते खपून गेलं, कारण तो अंक हातात घेणारा पानाकडं चित्रासारखं बघायचा. तुझ्या अंकात एका म्हाताऱ्या शाहिरानं पहिल्यांदा कुणाजवळ तरी मन मोकळं केलंय. त्याच्या शब्दांवर तू राखाडी डाग आणि तिरक्या ओळी टाकल्यास. ते काढ. माझी या पत्रातली सगळ्यात आग्रहाची विनंती हीच समज.

आपल्याकडं असं काही नव्हतं असंही मानू नकोस. यात्रेत, एसटी स्टँडवर गाण्यांच्या चोपड्या मिळायच्या, आठवतात का तुला? तुझ्या आजोळी नक्की असतील. शर्टाच्या खिशात मावेल एवढा आकार, पिवळ्या-लाल कव्हरवर देवीचा किंवा नायिकेचा चेहरा, आत स्वस्त कागदावर एका शाईत गाण्यांचे शब्द. त्यांना कुणी डिझाइन म्हटलं नाही. पण खिशात मावणं, लांबून ओळखू येणं आणि गाताना शब्द सापडणं, या तिन्ही गोष्टी त्यात होत्या. इंग्लंडात 'स्मॅश हिट्स' १९७८ पासून पोरांना गाण्यांचे शब्दच छापून देत होतं, फक्त भडक रंगांत आणि गुळगुळीत कागदावर. वाचकाची भूक दोन्हीकडं एकच, कागद ज्याच्या त्याच्या ऐपतीचा.

आता ज्या पानासाठी मी पत्र लिहायला बसलो, त्याच्याकडं येतो. पान १९, स्वरलिपी, म्हणजे गाण्याचे स्वर लिहून दाखवणारं पान.

काल भजन सुरू व्हायच्या आधी मी ते पान पेटीवाल्या आजोबांपुढं ठेवलं. पुढं म्हणजे कुठं, हे लक्षात घे. हातात नाही. दोन्ही हात पेटीवर, एक भात्यावर, एक पट्ट्यांवर. अंक सतरंजीवर, पेटीच्या उजव्या अंगाला, डोळ्यांपासून तीन फूट तरी लांब. वर एकच ट्यूबलाइट, तीही पाठीमागं, म्हणजे पानावर आजोबांचीच सावली. त्यांनी चष्मा पुढं-मागं केला, दोन ओळी वाजवल्या आणि थांबून विचारलं, "हे जंग काय आहे रे?"

मी वाकून बघितलं. शब्द 'जग' होता. तू भातखंडे पद्धतीनं लिहिलं आहेस, त्यात मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकाच्या स्वराखाली टिंब येतं. वरच्या ओळीत मंद्रातला ध, त्याच्याखाली टिंब, आणि लगेच खालच्या ओळीत गाण्याचा शब्द, 'जग'. ओळींमधली जागा तू इतकी आवळलीस की धैवताचं टिंब ज च्या डोक्यावर जाऊन बसलं आणि त्याचा अनुस्वार झाला. पुढं आणखी दोन ठिकाणी तेच. शिवाय कोमल स्वराखालची आडवी रेघ खालच्या शब्दाच्या शिरोरेघेला चिकटली, म्हणून गंधार कोमल की शुद्ध तेही कळेना.

इंग्रजी अक्षरांसाठी बेतलेल्या चौकटीत देवनागरी ओतली की असं होतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. स्वरलिपीत त्यावर आणखी टिंबं, रेघा, मींडेची कमान, सम-खालीच्या खुणा. प्रत्येक अक्षराला डोक्यावर आणि पायाखाली मोकळी जागा हवी. साध्या मजकुराला बारा पॉइंटचं अक्षर असेल तर ओळ अठरावर ठेवून बघ. स्वरलिपीचे स्वर अठरा पॉइंटच्या खाली आणू नकोस, आणि स्वरांची ओळ नि शब्दांची ओळ यांच्यात एक पूर्ण टिंब ऐसपैस बसेल एवढं अंतर ठेव. पानं वाढतील, वाढू देत. शेवटचे दोन लेख पुढच्या अंकाला जाऊ देत.

आणि ही स्वरलिपी पान १९ वर सुरू होऊन २० वर गेलीय. म्हणजे वाजवता वाजवता पान उलटायचं. ही चूक माझ्या हातून झालेली आहे, म्हणून सांगतो. फार वर्षांपूर्वी एका सप्ताहासाठी मी भजनांची पुस्तिका केली होती. जागा वाचवायच्या नादात एका अभंगाची शेवटची दोन कडवी मागच्या पानावर टाकली. सप्ताहात मी मुद्दाम पुढं जाऊन बसलो, आपलं काम लोकांच्या हातात कसं दिसतं ते बघायला. तो अभंग आला, पेटीवाल्यानं पान उलटायला हात सोडला, सूर तुटला, पखवाजवाला एक आवर्तन नुसताच वाजवत राहिला आणि गाणारा पुढचा शब्द शोधत थांबला. कुणी मला काही बोललं नाही. त्या दिवसापासून मी गाण्याचं पान कधी तोडलेलं नाही.

तुझ्या अंकाला मधली पिन आहे. तेव्हा अंकात एकच जागा अशी, जिथं समोरासमोरची दोन्ही पानं एकाच कागदाची असतात, सपाट उघडतात आणि आपोआप मिटत नाहीत. चाळीस पानांच्या अंकात ती पान २० आणि २१. स्वरलिपी तिथं ने. त्यातल्या २१ वर सध्या तू त्या पुण्याच्या बँडचा फोटो लावलास. तो मागच्या कव्हरच्या आत गेला तरी त्याचं काही बिघडत नाही. हाथरसहून १९३५ पासून निघणारं 'संगीत' मासिक जुन्या अंकांतून मिळालं तर चाळ. सजावट थोडी, पण ते कशासाठी उघडायचं याबद्दल शंका राहत नाही.

फाँटबद्दल थोडंच. मजकुराला 'मुक्त' चालेल, मोकळा आणि स्वच्छ आहे. मथळ्यांना 'बालू' नको. गोंडस आहे, लहान मुलांच्या अंकाला शोभेल, मुरळीच्या लेखाला नाही. अंकाचं नाव मात्र फाँटमध्ये लावूच नकोस, हातानं काढून घे. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं पूर्वी वर्तमानपत्रात लांबून ओळखू यायची, नाव वाचायच्या आधी नाटकाचा बाज कळायचा. तुझ्या गावात दुकानांच्या पाट्या रंगवणारा कुणी पेंटर अजून असेल, त्याच्याकडं जा. त्याला हलगी ऐकव आणि मग अक्षर काढायला सांग.

काळ्यावर पांढरी अक्षरं तू सात पानांवर लावलीस. पडद्यावर ती चमकतात. ऑफसेटवर काळा चार शाईंचा असेल आणि रजिस्टर, म्हणजे शायांची एकमेकींवरची जुळणी, केसभर हललं, की बारीक मात्रा आणि वेलांट्या शाईनं भरून जातात. मोठ्या मथळ्याला ठीक आहे, मजकुराला अजिबात नको.

भीमगीतांच्या लेखाचं पान निळं केलंस, ते बरोबर. पण माझ्या प्रिंटवर तो निळा जांभळा आलाय. मॅजेंटा, म्हणजे गुलाबी शाई, फार चढलाय. सायन, म्हणजे निळी शाई, १०० टक्के असेल तर मॅजेंटा ७० च्या वर नेऊ नकोस, आणि छपाईला उभी राहून स्वतः बघ. हे नुसतं तंत्र नाही. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटसमोर पुस्तकांचे, गाण्यांचे स्टॉल लागतात, तिथं येणाऱ्या माणसाला तो निळा कोणता ते डोळे मिटूनही माहीत असतं. जांभळा दिसला तर त्याला वाटेल, हे पान आपल्यातल्या कुणी केलेलं नाही. तीच गोष्ट भंडाऱ्याच्या पिवळ्याची. त्यात काळा मिसळला की तो मळतो.

कव्हरवर काय घ्यायचं, ते तुझ्याच अंकात पान ८ वर आहे. हलगीवाल्याचा हात, बोटांना गुंडाळलेली चिंधी आणि कातड्यावरचा शेकल्याचा डाग. मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. बाहेरची मासिकं गायकाचा चेहरा घेतात, नजर थेट गिऱ्हाइकाच्या नजरेत, कारण त्यांचा गायक सगळ्यांच्या ओळखीचा. आपल्या कलावंताचा चेहरा शेजारच्या तालुक्यात कुणी ओळखत नाही, पण तो हात सगळे ओळखतात. त्याचं नाव मात्र कव्हरवरच घाल, आणि मोठं घाल. साथ करणाऱ्याचं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात टाकायची जुनी सवय आहे आपल्याला. ती तू मोडलीस तर मला फार आनंद होईल. बाकी ओळी दोनच ठेव. तुझा अंक बहुतेकांना आधी व्हॉट्सअ‍ॅपवर नखाएवढा दिसणार आहे, तिथं सहा मथळे म्हणजे सहा मुंग्यांच्या रांगा.

इथं आमच्या गावात दासोपंतांची पासोडी आहे, तुला माहीत असेलच. लांबच लांब कापडावर ओव्या आणि त्यांच्यामध्ये आकृत्या, चौकटी. पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते ते सांगणाऱ्या पंचीकरणासारखा अवघड विषय, पण कुठून सुरू करायचं आणि नजर कुठं न्यायची हे त्यांनी कापडावरच ठरवून ठेवलंय. चारशे वर्षांपूर्वीची मांडणी आहे ती. आलीस की बघायला जाऊ.

दुसरी डमी झाली की पीडीएफ पाठवू नकोस. सत्तर जीएसएमच्या मॅपलिथो कागदावर छापून, मधली पिन मारून घेऊन ये, आणि गुरुवारी ये. लातूरहून दुपारची बस धरलीस तर भजनाच्या आधी पोचशील. आजोबांना मी सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "पोरीला म्हणावं, चष्मा न बदलता वाजवता आलं पाहिजे." अंक सतरंजीवर त्याच जागी ठेवू, ट्यूबलाइट तीच असेल.

तुझा,
काका