सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला कोणती फुले द्यावीत?

प्रश्न : माझ्या सासूबाईंना येत्या श्रावणात ७५ वर्षे पूर्ण होत आहेत. सासऱ्यांना जाऊन चार वर्षे झाली, तेव्हापासून त्यांनी केसांत फूल माळलेले नाही. पूर्वी सोनचाफ्याच्या दिवसांत त्यांचा अंबाडा कधी रिकामा नसे. त्यांना अर्थपूर्ण फुले द्यावीत, असे फार वाटते. फुलवाल्याकडच्या यादीत पिवळा गुलाब म्हणजे मैत्री, लिली म्हणजे पावित्र्य असे काही लिहिले होते. ते आमच्या घराशी जुळेना. चाफाच दिला तर त्यांना वाईट वाटेल का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सोनचाफाच द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विचार करायचा आहे तो फक्त तो कसा द्यावा याचा.

फुलांचे असे ठरावीक अर्थ एकोणिसाव्या शतकातील युरोपात, विशेषतः व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्लंडमध्ये रूढ झाले. देणारा आणि घेणारा अशा दोघांनाही ते ठाऊक असत, म्हणून तिथे ते चालले. आपल्याकडे लाल फूल म्हटले की गणपतीचे जास्वंद आठवते आणि मोगऱ्याचा वास आला की उन्हाळ्याची सुट्टी. तेव्हा यादी बाजूला ठेवावी आणि सासूबाईंना चाफा पूर्वी कोण आणून देत असे, हे आधी सहज बोलता बोलता विचारून घ्यावे. सासरे आणत असतील तर त्याचा अर्थ एक आहे, माहेरच्या अंगणात झाड असेल तर निराळा. आणि तो कळला की फुलांसोबत काय बोलावे, हेही आपोआप सुचेल.

आता आपल्या भीतीविषयी. माझ्या आईनेही वडिलांच्या पश्चात फुले माळणे सोडले होते आणि आम्ही भावंडांनी तिला त्रास नको म्हणून घरात मोगरा आणणेच बंद केले. पुढे एकदा तीच म्हणाली, “मी माळायचं सोडलं रे, वास घ्यायचा नाही सोडला.” ते ऐकून मला आमचीच फार लाज वाटली. विधवेने फूल माळू नये ही चाल मला अन्यायाची वाटते. तरीही चार पाहुण्यांसमोर सासूबाईंच्या अंबाड्यात फूल खोवण्याचा आग्रह कोणी करू नये, कारण तो निर्णय सर्वस्वी त्यांचा आहे. औक्षण मात्र अवश्य करावे आणि त्यानंतर फुले त्यांच्या ओंजळीत द्यावीत. ती माळावीत, देवाला वाहावीत की उशाशी ठेवावीत, हे त्या ठरवतील.

चाफा फार नाजूक असतो. फूल देठाकडूनच धरावे, कारण पाकळीला बोट दाबले गेले की थोड्या वेळाने तिथे तपकिरी डाग उमटतो. सकाळचे टवटवीत फूल संध्याकाळपर्यंत मलूल होते, म्हणून समारंभ सकाळीच करावा; ते जमणार नसेल, तर अर्धवट मिटलेल्या कळ्या घेऊन त्या पसरट वाटीत पाण्यावर ठेवाव्यात. वसईकडचा चाफा बाजारात सकाळी लवकर येतो. श्रावणात पूजेसाठी फुलांना मागणी वाढते, त्यामुळे नेहमीच्या फुलवालीला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. वाढदिवस सोमवारी येत असेल, तर कोपिनेश्वराच्या, म्हणजे ठाण्यातील शंकराच्या देवळातल्या, दर्शनाची गर्दी होण्यापूर्वी फुलांसाठी तिथल्या जांभळी नाक्यावर जाऊन यावे. चकचकीत कागदातला मोठा गुच्छ घेण्याची गरज नाही. अकरा ताजी फुले पुरेशी आहेत.

बाल्कनीत चार-पाच तास ऊन येत असेल, तर फुलांबरोबर सोनचाफ्याचे कलमही द्यावे. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फुलायला बरीच वर्षे लागतात, कलम मात्र लवकर फुलते आणि मोठ्या कुंडीतही रुजते. पावसाळा हा लावणीचा उत्तम काळ आहे. कुंडीच्या तळाला भोक आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण पाणी साचून राहिले तर मुळे कुजतात. आणि कुंडी शक्यतो सासूबाई सकाळचा चहा घेतात त्या खिडकीजवळ ठेवावी.