‘मनात असतं तर आला असता’

मुलगा अमेरिकेत, आईवडील पुण्यात, आणि ‘त्याला आता आमची किंमत नाही’ ही तक्रार. कोथरूड असो की सहकारनगर, समुपदेशनाला येणाऱ्यांकडून हे वाक्य मी सतत ऐकते. म्हणून एका काकूंबद्दल लिहिते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

काकांची बायपास झाली तेव्हा मुलगा आला नाही. रात्री दवाखान्यात झोपायला शेजारचा कॉलेजातला मुलगा आला, डबे खालच्या मजल्यावरून आले. काकूंनी पर्समधून वही काढली. मुलाचे वायदे तारखांसकट: गणपतीत येतो, दिवाळीत येतो, ऑपरेशनला बघतो. प्रत्येकापुढे लाल फुली.

‘बघा, पुरावाच आहे.’

‘तो आला नाही याचा. यायचं नव्हतं याचा कुठाय?’

‘मनात असतं तर आला असता.’

‘मनात असलं की येता येतं?’

‘मॅडम, तुम्ही त्याचीच बाजू घेताय!’

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धती मानणारी. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, हे मी रोज बघते. पण अर्थ तपासायला माहितीही लागते. एच-1बीची, म्हणजे अमेरिकेत नोकरी करायच्या परवानगीची, मुदत वाढली तरी पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असू शकतो. तिथे राहून नोकरी करता येते. देश सोडला की परत शिरायला नवा व्हिसा लागतो. 2025च्या डिसेंबरात या अर्जदारांची सोशल मीडिया खाती तपासायला सुरुवात झाली आणि भारतात ठरलेल्या कितीतरी मुलाखती काही महिने पुढे गेल्या. सुट्टीवर आलेले अनेकजण इथेच अडकले.

‘हे काहीच बोलला नाही तो.’

‘तुम्ही फोनवर काय विचारता?’

बराच वेळ गेला. ‘कधी येतोस, एवढंच.’

मी वहीत आणखी एक रकाना आखायला लावला: कारण. तो मुलाला विचारूनच भरायचा. पुढच्या खेपेला तो भरलेला होता. व्हिसा संपलाय. कंपनीत कपात चालू होती. नोकरी गेली तर साधारण 60 दिवसांत दुसरी शोधावी लागते. आणि एका दिवाळीपुढे: ‘खरंच कंटाळा केला, आई.’

ते वाचून दाखवताना काकू हसल्या. सगळ्या फुल्यांवर पसरलेला राग त्या एका दिवाळीपुरता उरला होता. मला विचाराल तर काम तिथेच झालं, आणि हो, त्या रकान्याचं श्रेय मी घेते!

आठवण येणारच, ती घालवायला मी कुणाला सांगत नाही. पण ‘कधी येतोस’ऐवजी ‘तिथे काय अडलंय’ असं विचारून बघा. आजारपणात पहिला फोन कुणाला करायचा, मेडिक्लेमचे कागद कुठे ठेवलेत, जादा किल्ली कुणाकडे, हे शेजाऱ्यांशी बोलून ठरवा. काकूंनी किल्ली खालच्या मजल्यावर दिली. आणि हे सगळं मुलालाही कळवा. अवेळी घरचा फोन वाजला की त्याच्याही छातीत धस्स होतं.