दंड भरला खरा, पण केस निकाली निघाली का?

प्रश्न : ३१ डिसेंबर २०२२ च्या रात्री नळ स्टॉपजवळ नाकाबंदीत मला दुचाकीवर अडवलं. यंत्रात फुंकायला लावलं, लायसन्स ठेवून घेतलं. कोर्टात जायला सुट्टी मिळेना, म्हणून ओळखीतल्या एका वकिलांच्या कारकुनाला साडेबारा हजार रुपये दिले. पंधरा दिवसांत लायसन्स घरी आलं. ‘मिटलं’ म्हणाला. पावती दिली नाही. आता कॅनडाच्या पीआरचा (कायमच्या वास्तव्याच्या परवान्याचा) अर्ज भरतोय, पासपोर्टचंही नूतनीकरण आहे. दोन्हीकडे गुन्ह्याबद्दल विचारलंय. ई-चलनाच्या ॲपवर माझ्या गाडीवर काहीच दिसत नाही. म्हणजे रेकॉर्ड कोरं आहे असं धरून चालू का?

– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नाही. तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधलंत. सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हतं, असे गुन्हे दंड घेऊन जागेवर मिटवता येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये त्यांची यादी आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ त्या यादीत नाही. ते पोलिसांना मिटवता येत नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जावंच लागतं. त्यामुळे तुमच्या त्या रात्रीचा कागद असलाच, तर तो कोर्टात आहे.

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मला खटकली. पहिलं, पावती नाही. कोर्टात दंड भरला की पावती मिळतेच, मागावीही लागत नाही. दुसरं, लायसन्स पंधरा दिवसांत परत आलं. कलम १८५ खाली दोषी ठरलेल्याला किमान सहा महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवावं, असं कलम २० सांगतं. प्रत्यक्षात दर वेळी तसा हुकूम होतो असं नाही, हे आम्ही रोज पाहतो. तरी या दोन गोष्टी एकत्र आल्या की मला शंका येते. तुमच्या वकीलपत्राशिवाय आणि सहीशिवाय तुमच्या वतीने कबुली देण्याचा अधिकार कारकुनाला नव्हता. तेव्हा दंड भरून केस निकाली निघाली असेल, किंवा केस अजून चालू असून तारखांना तुम्ही गैरहजर दिसत असाल, किंवा खटला कोर्टात दाखलच झाला नसेल. तिन्हींचे परिणाम वेगवेगळे आहेत. आधी कोणतं खरं आहे ते बघू.

ई-कोर्ट्स सर्व्हिसेसच्या संकेतस्थळावर जा. ‘केस स्टेटस’मध्ये महाराष्ट्र, पुणे जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडा. पुणे जिल्ह्यात संकुलं बरीच आहेत. नळ स्टॉपचं प्रकरण शिवाजीनगरला असणार, पण एका संकुलात मिळालं नाही म्हणून थांबू नका, जवळची इतरही बघा. मग पक्षकाराच्या नावाने शोधा, आणि प्रलंबित व निकाली असे दोन्ही पर्याय घ्या. एफआयआर क्रमांकाने शोधू नका. अशा प्रकरणात बहुतेक वेळा एफआयआर नसतोच, वाहतूक पोलीस थेट खटला पाठवतात.

लोक अडकतात ते वर्ष आणि नाव या दोन रकान्यांत. तिथे मागतात ते वर्ष केस कोर्टात नोंदली गेली त्याचं, गुन्ह्याचं नव्हे. एकतीस डिसेंबरच्या रात्रीची केस डिसेंबरात नोंदली जाणं शक्यच नाही. तुम्ही साडेबाराला फुंकला असाल तर गुन्ह्याची तारीखसुद्धा १ जानेवारी २०२३ पडेल. म्हणून २०२३ टाका, मग २०२४ही टाकून बघा. माझे एक अशील २०२२ टाकून ‘रेकॉर्ड नाही’ असं छापून घेऊन आले होते आणि पेढेसुद्धा आणले होते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वर्ष बदललं आणि केस समोर आली. पेढे तसेच राहिले.

नावाचं तर विचारू नका. नोंद इंग्रजीत असते आणि ती पोलिसांच्या कागदावर जे वाचता आलं त्यावरून कुणीतरी टाइप केलेली असते. गायकवाडमध्ये ‘डब्ल्यू’ आहे की ‘व्ही’, जोशीच्या शेवटी ‘आय’ की ‘डबल ई’, आडनाव आधी की शेवटी, काही नेम नाही. पूर्ण नाव टाकू नका. आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं टाका. यादी लांब येईल, येऊ द्या. महाराष्ट्र शासन विरुद्ध तुम्ही, प्रकार बहुधा एससीसी म्हणजे समरी क्रिमिनल केस (थोडक्यात चालवलेला फौजदारी खटला), असं काही दिसलं तर उघडा. कायद्यानुसार शोधण्याचीही सोय आहे, तिथे मोटार वाहन कायदा आणि कलम १८५ टाकता येतं.

केस सापडली की सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आधी वहीत लिहून ठेवा. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, शेवटचे चार आकडे वर्षाचे. हा क्रमांक हातात असेल तर पुढे नावाचा घोळ उरत नाही.

काहीच सापडलं नाही तर कोर्टातल्या ई-सेवा केंद्रात जा, आणि त्यांच्याकडूनही नाही झालं तर संबंधित न्यायालयाच्या लिपिकाकडे जाऊन नोंदवही पाहायची विनंती करा. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसचं कामकाज, सुरू होण्याआधी जाऊ नका, कुणी मान वर करणार नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर जा. ज्या वाहतूक विभागाने पकडलं तिथेही खटला कोर्टात पाठवल्याची नोंद असते. माहिती अधिकाराचा अर्ज करू का, असं पुष्कळजण विचारतात. न्यायालयीन कागदांच्या प्रती न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच घ्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितलं आहे. त्या वाटेत वेळ घालवू नका.

स्क्रीनवरची माहिती पुरावा नाही, कोर्टाची प्रमाणित नक्कल हवी. नक्कल विभागात कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्या आणि निकाल, रोजनामा (तारखेगणिक काय झालं त्याची नोंद), ब्रेथ ॲनालायझरचा अहवाल अशा तिन्हींच्या प्रमाणित प्रती मागा. समरी खटल्यात निकालपत्र म्हणून लांबलचक काही नसतं. गुन्ह्याची तारीख, तुमचं आणि वडिलांचं नाव, पत्ता, आरोप, तुमचा जबाब, निष्कर्ष आणि शिक्षा, इतकंच. ‘जबाब’ या रकान्यात काय लिहिलंय ते नीट वाचा. अशा किरकोळ खटल्यांचे कागद कायम ठेवत नाहीत, मुदत संपली की नष्ट करतात. म्हणून आज मिळतंय तोवर घ्या.

आता परिणाम. केस निकाली असेल आणि ‘गुन्हा कबूल’ असेल, तर ती दोषसिद्धी आहे. फक्त दंड झाला तरी दोषसिद्धीच. ‘चलन भरलं’ असं म्हणून ती लहान होत नाही. पासपोर्टला मात्र ती सहसा आड येत नाही. दोषसिद्धीमुळे पासपोर्ट नाकारायचा तर नैतिक अधःपतनाचा गुन्हा, किमान दोन वर्षांची शिक्षा आणि मागची पाच वर्षं अशा अटी आहेत. पासपोर्टला अडचण प्रलंबित केसची. तशी केस असेल तर २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याच कोर्टाची परवानगी आणावी लागते. कोर्टाने मुदत लिहिली नाही तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, म्हणून अर्जातच मुदत मागा.

प्रलंबित निघाली आणि वॉरंट दिसलं तरी घाबरू नका, गुन्हा जामीनपात्र आहे. वकिलांसोबत स्वतः हजर व्हा, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. पण त्याच दिवशी ‘कबूल आहे’ म्हणून मोकळे होऊ नका. दहा हजारांचा दंड भरून सुटलो असं वाटेल आणि पुढे कॅनडा हातचा जाईल.

खटला दाखलच नसेल, तर तुमच्यासारख्या पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा सहा महिने कैद, आणि अशा गुन्ह्याची कोर्टाने दखल घेण्याची मुदत एक वर्ष. ती संपली आहे. उशीर माफ करण्याचा अधिकार कोर्टाला असतो, पण तुम्ही आपणहून तो विषय काढायला जाऊ नका.

कॅनडाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी काळजी तिथे आहे. १८ डिसेंबर २०१८ पासून तिथे नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षं झाली, त्यामुळे परदेशातली अशी दोषसिद्धीसुद्धा ‘गंभीर गुन्हेगारी’च्या खात्यात जाऊ शकते. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल आढळलं की गुन्हा होतो, तिथे रेषा ८० ची आहे. तुमच्या यंत्राचा आकडा ४५ होता की १४०, यावर तिकडच्या इमिग्रेशन वकिलाचा सगळा युक्तिवाद उभा राहील. केवळ अंमलाखाली गाडी चालवणं हाही तिथे वेगळा गुन्हा आहे, तेव्हा ८० च्या आत आहोत म्हणून सुटलो असं मात्र धरू नका. अहवालाची नक्कल मागा असं वर सांगितलं ते याचसाठी. पोलिसांचा दाखला स्वच्छ आला म्हणून ‘कधीही दोषी ठरलो नाही’ असं लिहू नका. त्यांचा प्रश्न पोलिसांकडे काय आहे हा नाही, तुमच्या बाबतीत काय घडलं हा आहे. खोटं उघड झालं तर पाच वर्षांची बंदी येते.

कारकुनाला एकदा फोन करा आणि केस क्रमांक फक्त विचारा. भांडू नका, आणखी पैसे देऊ नका, आणि ‘मी बघतो’ म्हणाला तर फोन ठेवा. पीआर अर्जातला गुन्ह्याबद्दलचा रकाना नक्कल हातात पडेपर्यंत कोरा राहू द्या.