आईंना कुणी विचारलंच नव्हतं

"मॅडम, कुत्रं अजून घरात आलेलंसुद्धा नाही, आणि त्याच्यावरून आमच्यात दोन महिने अबोला आहे."

सुजाता समुपदेशनासाठी माझ्याकडे आली तेव्हा पहिल्या भेटीत हे सांगताना रडत होती. (घरातल्या सगळ्यांची नावं आणि काही तपशील मी बदलले आहेत.) ती बँकेत नोकरीला, तिचा नवरा महेश चाकणच्या एका कारखान्यात, मुलगी मुक्ता सातवीत. महेशच्या आईही त्यांच्याबरोबरच राहतात. पुण्यात जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. मुक्ताला कुत्रं हवं होतं आणि तिला हो म्हणून झालं होतं. भांडण होतं ते कुठून आणायचं यावर. सुजाताला शेल्टरमधलं, म्हणजे बेघर कुत्र्यांच्या निवाऱ्यातलं आणायचं होतं. महेशने तिला न सांगता एका ब्रीडरला (कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकणाऱ्याला) लॅब्रॅडॉरच्या पिल्लासाठी ५,००० रुपये ॲडव्हान्स देऊन टाकला होता.

"जिवाचा बाजार मांडलाय आणि हे त्यात गिऱ्हाईक व्हायला निघाले," सुजाता म्हणाली.

"रस्त्यावरचं कुत्रं माझ्या मुलीच्या जवळ नको," महेश म्हणाला. यापलीकडे तो त्या दिवशी काहीच बोलला नाही.

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. शेल्टरमधल्या कुत्र्याचं आधी काय झालंय कुणास ठाऊक, ते चावलं तर? आणि विकत आणलं तर आपण पाप करतोय का? दोन्ही भीती खऱ्या आहेत आणि एकाच घरात त्या दोन माणसांनी वाटून घेतलेल्या असतात. मग कुत्रा बाजूला राहतो आणि 'तुला दया नाही' विरुद्ध 'तुला मुलीची काळजी नाही' असं सुरू होतं. सुजाताला तर वाटत होतं की महेशला सोसायटीत मिरवायला जातिवंत कुत्रा हवाय.

महेशला मी एकट्याला बोलावलं. त्याला विचारलं, लहानपणी घरी कुत्रा होता का?

होता. वाळवा तालुक्यातलं त्यांचं गाव, कुत्र्याचं नाव मोती. महेश आठ वर्षांचा असताना मोती एकदम बदलला. भुंकणं घोगरं झालं, तोंडातून लाळ गळायला लागली. तो महेशच्या पोटरीला चावला. मग त्याला गोठ्यात साखळीनं बांधून ठेवलं आणि चौथ्या दिवशी तो गेला. महेशला शेवटचं बघूही दिलं नाही. त्यानंतर वडील त्याला रोज सायकलवर बसवून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे. पोटात १४ इंजेक्शनं. बेंबीच्या एका बाजूला आज, दुसऱ्या बाजूला उद्या. हे सांगताना हा ४६ वर्षांचा माणूस शर्टावरून पोटाला हात लावून बसला होता. रेबीजची ती जुनी लस आपल्याकडे २००४ च्या अखेरीपर्यंत बनत होती. आता दंडात मोजकी इंजेक्शनं देतात. पण ज्यांनी पोटात घेतली आहेत ते ती विसरत नाहीत.

"सुजाताला हे माहीत आहे?" मी विचारलं.

"लहानपणी कुत्रं चावलं होतं एवढं माहीत आहे."

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. पुढच्या भेटीत त्यानं तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि मिरवण्याचा विषय तिच्या बोलण्यात पुन्हा आला नाही. वाद मात्र संपला नव्हता, कारण भीती कळली म्हणून भीती जात नाही.

त्या दिवशी मी दोघांना एक कोरा कागद दिला. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत, दर तासासमोर घरात कोण असतं ते लिहा म्हटलं. हा कागद मी कुत्रा आणू पाहणाऱ्या प्रत्येक घराकडून लिहून घेते. सकाळचे तास भराभर भरले. महेश साडेसातच्या कंपनीच्या बसनं जातो, मुक्ताची शाळा, सुजाता सव्वानऊला निघते. मग सुजाताच्या हातातलं पेन हळू झालं. दहा: आई. अकरा: आई. बारा: आई. पार साडेचारला मुक्ता येईपर्यंत आई, आणि मग सहापर्यंत आई आणि मुक्ता.

"आईंचं काय म्हणणं आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन महिने इतकी भांडणं झाली, पण ज्या बाईला त्या जिवाबरोबर दिवसाचे सात तास एकटीनं काढायचे होते, तिला कुणी विचारलंच नव्हतं. सुजाताला वाटत होतं सासूबाई नको म्हणतील, महेशला वाटत होतं आई नाही म्हणणारच नाही. दोघांनी आपापल्या परीनं त्यांचं उत्तर गृहीत धरलेलं.

पुढच्या वेळी आई आल्या. वय ७४, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. बसल्या बसल्या म्हणाल्या, "बाई, मला कुत्र्याचं वावडं नाही. वस्तीवर आमच्याकडे कुत्री असायचीच. पण पिल्लू नको. पिल्लू पायात पायात येतं. एकदा पडले तर परत उठायची नाही मी. आणि ते दर दोन तासांनी शी-शू करणार, मला वाकता येतंय का?"

इतकं स्वच्छ उत्तर दोन महिन्यांत त्या घरात कुणी दिलं नव्हतं. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला लघवी दोन-तीन तासांच्या वर धरता येत नाही. त्याला तिसऱ्या मजल्यावरून दर वेळी खाली कोण नेणार होतं? ब्रीडर की शेल्टर हा प्रश्न दुसरा होता. पहिला प्रश्न पिल्लू की मोठं कुत्रं हा होता, आणि तो आईंच्या गुडघ्यानं सोडवला.

मग त्या महेशकडे वळल्या. मोतीचा विषय निघालाय हे त्यांना सुजातानं सांगितलं होतं. "मोतीला लस दिलीच नव्हती रे," त्या म्हणाल्या. "कुत्र्याला इंजेक्शन देतात हेच आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. तो गावठी होता म्हणून नाही झालं तसं."

महेश काही बोलला नाही. मीही बोलले नाही.

ब्रीडरचं काय झालं तेही सांगते, कारण विकत घेणाऱ्यांनी ते जाणून घ्यायला हवं. मी महेशला म्हटलं होतं, ॲडव्हान्स दिलाय तर एकदा जाऊन पिल्लाची आई बघून या. फोटो नको, आई प्रत्यक्ष बघा. ती कुठे राहते, कशी दिसते, माणूस जवळ गेला की काय करते ते बघा. तो गेला. पत्ता एका गाळ्याचा निघाला. पिल्लं पिंजऱ्यात होती, ३५ दिवसांची, आणि 'आजच घेऊन जा' म्हणाले. आईबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "ती गावाला असते." आपल्याकडे २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आहेत. ब्रीडरकडे राज्याच्या पशु कल्याण मंडळाची नोंदणी हवी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी १८ महिन्यांची होण्याआधी तिच्यापासून पिल्लं घेता येत नाहीत आणि वर्षातून एकाहून जास्त वेतही नाही. आठ आठवडे म्हणजे नुसता कागदावरचा आकडा नव्हे. आई आणि भावंडांशी मस्ती करतानाच पिल्लू शिकतं की किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो. ते शिक्षण अर्धवट तोडून आणलेलं पिल्लू मग मुलांच्या हातावर दात रुतवतं आणि आपण म्हणतो ब्रीडच वाईट.

महेशचे ५,००० रुपये परत आले नाहीत. त्यानं ते सोडून दिले.

पण सगळे ब्रीडर असे नसतात, आणि मी विकत घेणाऱ्याला अपराधी ठरवत नाही. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त जोडप्यानं नाशिकच्या एका घरगुती ब्रीडरकडे चार महिने थांबून लॅबचं पिल्लू घेतलं होतं. आई पाहिली होती, बाप पाहिला होता, दोघांच्या कमरेच्या सांध्यांचे एक्स-रे मागून घेतले होते, कारण लॅबमध्ये त्या सांध्यांचा आजार बऱ्याचदा आई-बापाकडून येतो. ब्रीडरनंच त्यांना उलट वीस प्रश्न विचारले आणि सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा मलाच परत द्या असं लिहून घेतलं. तरीही त्यांची मुलगी 'तुम्ही एका शेल्टरच्या कुत्र्याचं घर हिरावलंत' म्हणत त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती. त्या मुलीची कळकळ मला समजते. पण अपराधी वाटून कुणी चांगलं कुत्रं सांभाळत नाही, आणि निव्वळ दयेपोटीही नाही. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहून रात्रीतून शेल्टरचं कुत्रं आणलेलं आणि नवव्या दिवशी परत सोडून आलेलं एक तरुण जोडपंही मी पाहिलंय. त्या कुत्र्याचं घर दुसऱ्यांदा सुटलं, आणि ती मुलगी कितीतरी महिने स्वतःला दोष देत होती.

माझा कल विचाराल तर तो स्पष्ट आहे. पहिल्यांदाच कुत्रं पाळणारं घर असेल, माणसं दिवसभर बाहेर असतील, घरात म्हातारं माणूस असेल, तर शेल्टरमधलं तीन-चार वर्षांचं कुत्रं बघा. 'त्याचा भूतकाळ माहीत नाही' हे खरं आहे. पण मोठ्या कुत्र्याचा स्वभाव तुमच्या समोर उभा असतो आणि त्याला रोज खायला घालणारं माणूस तुम्हाला तो सांगू शकतं. पिल्लू मोठं होऊन कसं निघेल हे ब्रीडरलाही सांगता येत नाही.

ही मंडळी एका शेल्टरला गेली, तीन वेळा. एकदा जाऊन ठरवू नका ही माझी अट होती. पहिल्याच खेपेत मुक्ताचा जीव एका पिवळसर, गोंडस कुत्र्यावर जडला. तिथल्या मुलीनं स्वच्छ सांगितलं, "हा खाताना कुणी जवळ आलेलं सहन करत नाही. लहान मुलांच्या घरात मी याला देणार नाही." मुक्ता गाडीत बसून रडली. मला मात्र ते ऐकून त्या शेल्टरबद्दल विश्वास वाटला. जे शेल्टर एखादं कुत्रं द्यायला नाही म्हणतं, तिथूनच कुत्रं आणावं.

दुसऱ्या खेपेत त्यांना एक काळी-तांबूस मादी दाखवली, अंदाजे चार वर्षांची, १७ किलोची. ती अंगावर उड्या मारत आली नाही. थोडं लांब बसून बघत राहिली. महेशचं लक्ष तिच्या कानाकडे गेलं. टोकाचा एक तुकडा नव्हता.

"मारामारी करते का ही? कान कुणी तोडला?"

"कुणी तोडला नाही, दादा. नसबंदी केली की भूल असतानाच कानाला अशी खाच देतात, लांबून ओळखू यावं म्हणून. आणि त्याच वेळी रेबीजची लसही टोचतात." मग तिनं कार्ड आणून दाखवलं. पहिली लस, नंतरचे दरवर्षीचे डोस, तारखांसकट.

महेशनं ते कार्ड उभ्या उभ्या दोनदा वाचलं, सुजाता सांगत होती. मग पहिल्यांदाच तो खाली बसला आणि हात पुढे केला.

तिसऱ्या खेपेला आई आल्या. काठी घेऊन मुद्दाम तिच्या जवळून चालल्या. ती उठून बाजूला झाली आणि लांब जाऊन बसली. "वाट देते," आई म्हणाल्या.

आधी पंधरा दिवस फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला घरी न्यायचं ठरलं. मी त्यांना सांगितलं होतं, पहिल्या तीन दिवसांत ती जशी वागेल ती खरी ती नव्हे. तीन आठवड्यांत घराची घडी कळते, आणि तीन महिन्यांनी घर आपलं वाटायला लागतं. तोवर पाहुणे नकोत, मिठ्या नकोत, ती टेबलाखाली बसली तर बसू द्या. आईंच्या खोलीच्या दारात आडवी फळी लावली, आई म्हणतील तेव्हाच ती काढायची.

अडचण आली ती कुणाच्याच डोक्यात नव्हती. तिला जिना माहीतच नव्हता. पहिल्या पायरीशी पोट टेकून बसली, पुढे येईना, मागे जाईना. मग महेश तिला रोज सकाळी सहाला आणि रात्री नऊला दोन्ही हातांवर उचलून तीन मजले खाली न्यायचा आणि वर आणायचा. मोतीनंतर त्यानं कुत्र्याला हात लावलेला नव्हता, आणि आता १७ किलोचं जनावर छातीशी धरून तो दिवसातून चार वेळा जिना चढत-उतरत होता. दुसऱ्या आठवड्यात त्यानं उकडलेल्या कलेजीचे तुकडे करून एकेका पायरीवर ठेवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दोन पायऱ्या. तिसऱ्या दिवशी पाच. एकदा खाली स्कूटर सुरू झाली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मुक्ता मात्र बराच काळ नाराज होती. तिला पिल्लू हवं होतं, मांडीवर घ्यायला. ही मांडीवर येत नव्हती, बोलावलं तरी नुसती बघायची. सुजातानं मला विचारलं, पोरीचं मन मारलं का आम्ही? मी म्हटलं, थोडं मारलंत, आणि ते तिला तसंच सांगा. 'बघ किती छान आहे ही' असं म्हणून तिच्या गळी उतरवू नका. सुजातानं सांगितलं. नाव ठेवायचं काम मुक्तावर सोडलं. तिनं तीन आठवडे काहीच नाव ठेवलं नाही, नंतर एके दिवशी शाळेतून आल्यावर तिला 'भिंगरी' म्हणून हाक मारली.

शेवटच्या भेटीला महेश एकटाच आला होता, कागदपत्रांवर सह्या झाल्याचं सांगायला. महापालिकेचा परवानाही काढला होता. जाता जाता म्हणाला, "मॅडम, आमच्या जिन्याला ५४ पायऱ्या आहेत. सोळा वर्षं राहतोय, कधी मोजल्या नव्हत्या. काल ती ४०व्या पायरीपर्यंत स्वतः आली. पुढच्या १४ मी उचलून नेली."

मी विचारलं, आईंच्या दारातली फळी?

"ती आईनं चौथ्याच दिवशी काढायला लावली," तो म्हणाला.