पॅनेल डिझाइनची नोकरी : पेट्यांची चित्रे की अभियांत्रिकी?

सप्रेम नमस्कार.

आपले जळगावहून आलेले पत्र वाचले. आपले चिरंजीव विद्युत अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहेत, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका पॅनेल (कारखान्यात वीज वाटण्यासाठी ब्रेकर बसवलेल्या लोखंडी पेट्या) उत्पादकाने त्यांना डिझाइन विभागात घेण्याची तयारी दाखवली आहे, आणि ‘लोखंडी पेट्या व केबलींची चित्रे काढून मुलाचे काय भले होणार, त्यापेक्षा घरी राहून महावितरणच्या भरतीची तयारी करावी’, असे आपले म्हणणे आहे. माझ्या मते त्यांनी ही नोकरी घ्यावी. भरतीचा अभ्यास नोकरी सांभाळूनही होतो.

या कामाचे स्वरूप एका उदाहरणावरून लक्षात येईल. ७५ किलोवॅटचा भार ४१५ व्होल्ट थ्री-फेजवर, ०.८५ पॉवर फॅक्टरने (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या भागाचे प्रमाण) चालवायचा असेल, तर प्रवाह सुमारे १२३ अँपिअर होतो. ५० चौरस मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम एक्सएलपीई (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाच्या) केबलची हवेतील क्षमता तक्त्यात साधारण १४० अँपिअर दिसते, म्हणून नवखा मुलगा तीच निवडून मोकळा होतो. पण तो आकडा ४० अंश तापमानाचा आणि एकट्या केबलचा असतो. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ५० अंश तापमान धरले आणि एकाच ट्रेवर सहा केबली एकमेकींना चिकटून जात असल्या, तर हीच क्षमता शंभराच्या खाली येते आणि ९५ चौरस मिलिमीटरपर्यंत जावे लागते. त्यानंतर अंतरानुसार व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे केबलीत होणारी व्होल्टेजची घट, तपासायचा, शॉर्ट सर्किटचा प्रवाह केबल किती वेळ सोसेल हे पाहायचे, आणि मगच खरेदीच्या यादीत आकडा लिहायचा.

पेटीचेही तसेच आहे. आपल्या भागातील जिनिंगच्या कारखान्यात कापसाचे तंतू सगळीकडे उडत असतात. तेथे जाळीच्या झरोक्यांचे पॅनेल बसवले, तर तंतू आत साचून आगीचा धोका वाढतो. म्हणून आयपी ५४ (धूळ व पाणी आत न शिरू देण्याचा दर्जा) किंवा त्याहून वरच्या दर्जाचे बंदिस्त पॅनेल घ्यावे, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि ब्रेकर आपल्या पूर्ण क्षमतेने चालवता येत नाहीत. या दोहोंचा मेळ घालणे, हेच डिझायनरचे काम. आयईसी ६१४३९ या पॅनेलविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकात तापमानवाढीच्या पडताळणीला एवढे महत्त्व आहे, ते याचमुळे. शिवाय ३०० चौरस मिलिमीटरची साडेतीन कोर केबल (तीन पूर्ण व एक कमी जाडीची तार असलेली) हाताने हवी तशी वळत नाही. ग्लँड प्लेट (केबल जिथून पेटीत शिरते ती पट्टी) आणि टर्मिनल (तार जोडण्याची जागा) यांच्यात पुरेशी जागा सोडली नसेल, तर साइटवर वायरमन कोर कशाबशा ओढून लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची टोपी, बसवतो, जोड ताणाखाली राहतो, सैल होतो आणि तापतो. कागदावर हे सारे नीटनेटके दिसते, ही खरी अडचण.

म्हणूनच नेमणूकपत्र स्वीकारण्यापूर्वी चिरंजीवांनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, केबलीच्या आकाराचे व उष्णतेचे हिशेब त्यांना शिकवले जातील की केवळ वरिष्ठांची रेखाटने ऑटोकॅडवर उतरवून घेतली जातील? दुसरी, पॅनेल साइटवर बसवताना आणि चार्ज करताना, म्हणजे त्यात प्रथम वीज सोडताना, त्यांना तेथे पाठवले जाईल का? दोन्हींना नकार मिळाला, तर मात्र ही नोकरी सोडून दुसरी पाहावी. पगार थोडा अधिक असला तरीही.

पदविका आणि विहित अनुभव यांच्या आधारे राज्याचे विद्युत पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र मिळते. ठेकेदारीत किंवा कारखान्याच्या देखभाल विभागात जायचे झाल्यास ते उपयोगी पडते, तेव्हा अनुभवाचे दाखले पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत. पदवीची इच्छा असल्यास थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहेच; परंतु एखादे वर्ष काम करून गेल्यास वर्गातले बरेच काही सहज उमगते, असे मला वाटते. भरतीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे आणि परीक्षा अवश्य द्यावी. केवळ तिच्यासाठी वर्ष रिकामे ठेवण्यास माझी संमती नाही.