हॉर्नची वायर उलटी करायच्या आधी

भावा, गड्ड्याच्या जत्रेआधी स्पीकरचा नवा सेट जोडायलास म्हणून सांगतो. वूफरला, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरला, दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघ, प्लस लाल टर्मिनलला, कोन (पुढचा पडदा) बाहेर आला तर सरळ, पण जेबीएल कंपनीच्या जुन्या स्पीकरला लालला प्लस दिलं की कोन आत जातो, मी तिथंच फसलो आणि अख्खी रात्र बेस शोधत बसलो. हॉर्नच्या, म्हणजे वरच्या सुरांच्या भोंग्याच्या, ड्रायव्हरला मात्र सेल नको बे, आतला डायफ्राम (पातळ पडदा) नाजूक असतोय. बेस आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटला क्रॉसओव्हर म्हणतात; १२ डीबी उताराच्या क्रॉसओव्हरला १८० डिग्री फेज फिरतो, म्हणजे दोघांच्या लहरी एकमेकींच्या उलट होतात, म्हणून हॉर्नचं प्लस-मायनस बहुतेक उलटं जोडतात, २४ डीबीच्या लिंकविट्झ-रायली प्रकारच्या क्रॉसओव्हरला सरळच. तरी हॉर्नची लांबी घोळ घालतेच, ३४ सेंटीमीटरला आवाज साधारण १ मिलिसेकंद उशिरा येतो, त्यामुळं क्रॉसओव्हरच्याच फ्रिक्वेन्सीचा टोन बारीक आवाजात लावून हॉर्नची वायर सरळ आणि उलटी अशी दोन्हीकडनं जोडून ऐक, भरीव वाटेल तसं ठेव. वायर बदलताना अँप बंद कर की.