येरवड्याला जाण्याआधी

म्हापसा

प्रिय बाय,

शुक्रवारी रात्रीच्या बसने पुण्याला निघतेस, असं तुझी आई बाजारात भेटली तेव्हा म्हणाली. फाशीच्या कैद्याला भेटायची तुझी पहिलीच खेप, म्हणून लिहायला बसले.

पहिल्या भेटीत गुन्ह्याचं विचारू नकोस. ते निकालपत्रात आहेच. सकाळी उठल्यावर काय करतो, शाळा कितवीत सुटली, घरून शेवटचं पत्र कधी आलं, हे विचार. मनोज नावाच्या कैद्याच्या खटल्यात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की फाशी द्यायची का हे ठरवताना माणसाचं घर, बालपण, मनःस्थिती, तुरुंगातलं वागणं न्यायाधीशांपुढे यायलाच हवं. ते असल्या साध्या बोलण्यातूनच बाहेर येतं.

त्याला एकट्याला कोंडलंय का, तेही विचार. सत्र न्यायालयाने सुनावलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आणि दयेचा अर्ज फेटाळला जाईपर्यंत त्याला इतरांपासून तोडून ठेवता येत नाही, हे सुनील बत्रा खटल्यात १९७८ सालीच ठरलंय. फाशी यार्डात तो निकाल पाळतात का, हे आतल्या माणसाकडूनच कळतं. दिवसातून किती वेळ बाहेर सोडतात, मिनिटांत विचारून घे.

आता माझी चूक सांगते. वकिलीच्या सुरुवातीला एका कैद्याला मी "पुढच्या गुरुवारी येते" म्हणून आले आणि दुसऱ्या खटल्यात अडकले. गेले ती पाच आठवड्यांनी. तिथला शिपाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, हा दर बुधवारी रात्री सदरा नीट घडी करून अंथरुणाखाली ठेवतो, इस्त्री बसावी म्हणून." पाच बुधवार. तो मला एका शब्दाने बोलला नाही. त्या दिवशीही सदऱ्याच्या घड्या कडक होत्या. आजही ते आठवलं की घास उतरत नाही.

दयेच्या अर्जावर निर्णय द्यायला अवाजवी उशीर झाला तर फाशीची जन्मठेप होऊ शकते, असं २०१४ साली शत्रुघ्न चौहान खटल्यात न्यायालयाने म्हटलं. वाट पाहायला लावणं हाही छळच असतो, बाय. तो आपल्या हातून व्हायला नको.

"सुटशील" असं म्हणू नकोस. खटला नेमका कुठे अडलाय तेवढं खरं सांग. पुढची तारीख त्याच्यासमोर वहीत लिही. जमणार नसेल तर आधी तुरुंगाच्या पत्त्यावर पत्र टाक, कारण कोंडलेल्याला हवं तेव्हा फोन करून विचारता येत नाही.

तुझी,
मावशी